पीतज्वर : पिवळ्या कार्डामागचा इतिहास

(परदेशी बंदरांत व परदेशी बांधकामांवर जाणाऱ्या सभासदांच्या अभ्यासवर्गात फेडरेशनच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या अभ्यासवर्गात वेतन करार, अपघाताची भरपाई, भविष्यनिर्वाह निधी असे विषय असतात, हे आपण जाणताच. आज एका रोगाचा विषय का ठेवला, असे सकाळी चहाच्या वेळी दोघा-तिघांनी आम्हाला विचारले. त्याचे कारण आधी सांगतो, म्हणजे पुढचे ऐकायला जीव लागेल.

काही महिन्यांपूर्वी आमचा एक सभासद पश्चिम आफ्रिकेच्या एका बंदरावर जहाज सोडून विमानाने घरी आला. घरी आल्यावर दोन दिवसांनी तो युनियनच्या कचेरीत आला तो पगाराच्या हिशेबासाठी. बोलता बोलता त्याने खिशातून पिवळे कार्ड काढले, म्हणजे पीतज्वराची लस टोचल्याचा आंतरराष्ट्रीय दाखला. त्यावर शिक्का होता, सही होती, तारीख होती. सुई मात्र त्याला कोणी टोचलीच नव्हती. भरती एजंटाने इतर कागदांबरोबर ते कार्ड हातात दिले होते. याने विचारले, टोचायला कधी जायचे? तर उत्तर मिळाले, कागद झाला ना, मग आता कशाला? आणि त्या कागदाचे पैसे त्याच्याच खात्यातून कापले होते.

दुसऱ्या सभासदाकडे कार्डच नव्हते. त्याला विमानतळावरून थेट विलगीकरणात नेले आणि नियमाप्रमाणे सहा दिवसांपर्यंत ठेवले. त्या दिवसांचा पगार कंपनीने कापला. कारण काय, तर तो कामावर नव्हता!

हे दोघेही सुखरूप आहेत. पण पहिल्याच्या बाबतीत काय होऊ शकले असते हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते. आम्ही कचेरीत बसलेल्या चार जणांनाही नीटसे ठाऊक नव्हते, हे कबूल केले पाहिजे. म्हणून आम्ही पुस्तके उघडली, डॉक्टर मंडळींना भेटलो. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

पीतज्वर हा विषाणूमुळे होणारा आणि डासामार्फत पसरणारा रोग. विषाणू शिरल्यापासून तीन ते सहा दिवसांत ताप येतो. डोके आणि कंबर विलक्षण दुखते, मळमळते, उलट्या होतात, अंग मोडून येते. इथपर्यंत हा ताप हिवताप, डेंगी किंवा साध्या फ्ल्यूपेक्षा वेगळा ओळखता येत नाही. तीन-चार दिवसांत ताप उतरतो आणि बहुतेक रोगी बरे होतात. पण शंभरातले सुमारे पंधरा जण बरे वाटू लागल्यावर एखाद्या दिवसात पुन्हा कोसळतात. या दुसऱ्या फेरीत यकृत आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. डोळे आणि कातडी पिवळी पडते. रोगाचे नाव त्यावरूनच आले. लघवी गडद होते. नाकातून, हिरड्यांतून, पोटात रक्त वाहू लागते. पोटातले रक्त काळे होऊन उलटीतून पडते. स्पॅनिश मुलखात या रोगाला ‘काळी उलटी’ असेच म्हणत. या अवस्थेला पोचलेल्यांपैकी निम्मे सात ते दहा दिवसांत दगावतात.

आणि विषाणूवर थेट चालणारे औषध आजही नाही. सलाइन, रक्त, मूत्रपिंडांना आधार, चांगली शुश्रूषा एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. म्हणून सारी भिस्त दोन गोष्टींवर, लस आणि डासाचा बंदोबस्त.

आता या डासाबद्दल. तो आपल्या ओळखीचा आहे. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, घरातल्या पिंपात, कूलरमध्ये, टायरात, फुलदाणीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा. एडिस इजिप्ती त्याचे शास्त्रीय नाव. आपल्याकडे डेंगी पसरवतो तोच हा. मादीच चावते, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागते. तिची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन् महिने चिकटून राहतात आणि पाणी लागले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणूनच पिंप नुसते उपडे करून भागत नाही, आतून घासावेही लागते. आमच्या माता-भगिनींना हे आमच्यापेक्षा चांगले कळते.

रोग्याच्या रक्तात विषाणू पहिल्या काही दिवसांतच भरपूर असतो. त्या दिवसांत डास चावला तर विषाणू डासाच्या पोटात जातो, पण डास लगेच रोग देऊ शकत नाही. विषाणूला त्याच्या शरीरात वाढून लाळेपर्यंत पोचायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. त्यानंतर ती मादी मरेपर्यंत ज्याला चावेल त्याला रोग देऊ शकते. हा मधला काळ ध्यानात न आल्यामुळे शेकडो वर्षे माणसे चकली. रोग्याजवळ बसलेला माणूस आजारी पडत नसे, आणि दोन आठवड्यांनी त्याच गल्लीत दुसऱ्या टोकाला चार जण पडत. मग कोणी हवेला दोष देई, कोणी घाणीला, कोणी परक्या माणसांना.

विषाणूच्या कुळाचे नावही याच रोगावरून पडले आहे. लॅटिनमध्ये पिवळ्याला फ्लेव्हस म्हणतात, त्यावरून फ्लेव्हिव्हायरस. डेंगी, झिका, जपानी मेंदूज्वर हे सारे त्याचे भाऊबंद. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात 1957 मध्ये सापडलेला क्यासनूर जंगलाचा ताप, ज्याला आपण माकडताप म्हणतो आणि जो पुढे सिंधुदुर्ग आणि गोव्यातही पोचला, त्याचा विषाणूही याच कुळातला. फक्त तो डासातून नव्हे, गोचिडीतून येतो. माणसाचा एखादा रोग अशा सूक्ष्म, गाळणीतूनही निसटणाऱ्या जंतूमुळे होतो हे पहिल्यांदा सिद्ध झाले ते पीतज्वराच्या बाबतीतच, 1901 मध्ये.

हा रोग मुळात आफ्रिकेतला. अमेरिका खंडात तो गेला गुलामांच्या जहाजांतून. जहाजावरच्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपांत डासांच्या अळ्या वाढत, तळघरात माणसे साखळ्यांत बांधलेली असत, आणि अटलांटिक ओलांडायला लागणाऱ्या आठवड्यांत विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जात राही. 1647 मध्ये बार्बाडोस बेटावर मोठी साथ आली. पुढच्याच वर्षी ती मेक्सिकोच्या युकातानमध्ये पोचली. जिथे उसाचे मळे, तिथे साखरेची भांडी, हौद आणि पिंपे, आणि तिथेच हा डास. जहाजाची पिंपे आणि मळ्याचे हौद यांवर हा रोग अमेरिकेत घर करून बसला.

1793 मध्ये फिलाडेल्फियात साथ आली तेव्हा शहराची वस्ती होती पन्नास हजारांच्या आसपास. त्यातली सुमारे पाच हजार माणसे मेली. पैसेवाले गाव सोडून गेले. उरलेल्यांची शुश्रूषा कोणी करायची आणि प्रेते कोणी उचलायची? तेव्हाचे नामवंत डॉक्टर बेंजामिन रश यांचा समज होता की काळ्या लोकांना हा रोग होत नाही. त्यांनी तिथल्या स्वतंत्र काळ्या लोकांच्या संस्थेला आवाहन केले. अ‍ॅब्सलम जोन्स आणि रिचर्ड अ‍ॅलन या दोन पुढाऱ्यांनी माणसे उभी केली. ती घरोघर गेली, रोग्यांना पाणी पाजले, मुडदे पुरले. आणि समज खोटा होता, त्यांनाही रोग झाला, तीही मेली. साथ सरल्यावर एका प्रकाशकाने लिहिले की काळ्या सेवकांनी रोग्यांकडून भरमसाट पैसे उकळले. जोन्स आणि अ‍ॅलन यांनी 1794 मध्ये पुस्तिका छापून हिशेबासकट उत्तर दिले. कोविडच्या साथीत आमचे सफाई कामगार आणि स्मशानातले कामगार यांच्याबद्दल जे बोलले गेले ते ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ही दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट फार जुनी वाटणार नाही.

हैतीची गोष्ट थोडक्यात सांगतो. तिथल्या गुलामांनी उठाव केला. तो मोडायला नेपोलियनने आपल्या मेहुण्याच्या, जनरल लक्लेर्कच्या, हाताखाली पाठवलेली मोठी फौज 1802 मध्ये तिथे पोचली. बंडखोरांनी झुंज दिलीच, पण पावसाळ्यात पीतज्वराने त्या फौजेचा धुव्वा उडवला. लक्लेर्क स्वतः त्याच वर्षी नोव्हेंबरात या रोगाने मेला. 1 जानेवारी 1804 रोजी हैती स्वतंत्र झाला. काही लोक म्हणतात डासांनी हैती स्वतंत्र केला. आम्हाला हे पटत नाही. लढले ते गुलाम. डास दोन्ही बाजूंना होते.

डासाचा दोष पहिल्यांदा नेमका ओळखला तो क्युबातल्या कार्लोस फिनले या डॉक्टराने. 1881 मध्ये हवानाच्या विज्ञान अकादमीपुढे त्याने सांगितले की हा रोग एका विशिष्ट डासाच्या चाव्यातून जातो. लोक हसले. वीस वर्षे हसत राहिले. 1900 मध्ये अमेरिकन लष्कराने वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखाली चार डॉक्टरांचे मंडळ हवानाला पाठवले, तेव्हा इतर वाटा खुंटल्यावर त्यांनी फिनलेकडे जाऊन त्याच डासाची अंडी मागून घेतली. मंडळातला तरुण डॉक्टर जेसी लॅझिअर सप्टेंबर 1900 मध्ये या रोगाने मेला. पुढे प्रयोगासाठी जी छावणी उभारली तिला त्याचेच नाव दिले.

त्या छावणीत काही लष्करी जवान होते, आणि बाकीचे होते स्पेनमधून नुकतेच कामाच्या शोधात आलेले मजूर. त्यांना डास चावून घेण्यासाठी शंभर डॉलर सोन्यात आणि आजारी पडल्यास आणखी शंभर देण्याचा करार लिहून झाला, तोही त्यांना समजणाऱ्या स्पॅनिशमध्ये. वैद्यकाच्या इतिहासात लेखी संमतीचे हे आरंभीचे उदाहरण म्हणून सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण खिशात दमडी नसलेल्या, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आम्ही विचारल्याशिवाय राहणार नाही. त्या छावणीतले कोणी मेले नाही. पण पुढच्या वर्षी, 1901 मध्ये, हवानात झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत क्लारा मास नावाची पंचवीस वर्षांची परिचारिका मेली. तिलाही शंभर डॉलर मिळायचे होते.

प्रयोगांचा निकाल मात्र स्वच्छ होता. रोग्यांच्या उलट्यांनी भरलेल्या चादरींवर वीस-वीस रात्री झोपलेल्यांना काही झाले नाही. जाळीच्या पलीकडे डासांबरोबर ठेवलेले पडले. मग विल्यम गॉर्गस या लष्करी डॉक्टरने हवानात घरोघर पाण्याच्या भांड्यांवर झाकणे घालायला लावली, साचलेल्या पाण्यावर तेल ओतले, रोग्यांच्या खोल्यांना जाळ्या मारल्या. 1901 संपायच्या आत हवानातून पीतज्वर गेला. अडीचशे वर्षांचा रोग एका वर्षात गेला.

आता पनामाकडे येतो. आमच्या दृष्टीने ही या विषयातली सर्वांत मोठी गोष्ट.

सुएझ कालवा काढणाऱ्या द लेसेप्सच्या फ्रेंच कंपनीने 1881 मध्ये पनामाचा कालवा खणायला घेतला. मजूर आणले मुख्यतः जमैका आणि आसपासच्या बेटांवरून. अंकोनच्या टेकडीवर कंपनीने चांगले रुग्णालय बांधले. त्यात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत. बागेतल्या झाडांच्या मुळांभोवतीही पाण्याची आळी असत. म्हणजे दुसऱ्याच आजारासाठी आलेल्या माणसाला पीतज्वर देण्याची व्यवस्था रुग्णालयातच होती. कोणाला ठाऊक नव्हते. खरे म्हणजे फिनलेने त्याच वर्षी सांगितले होते, पण ऐकतो कोण! 1889 मध्ये कंपनी बुडाली. तोपर्यंत बावीस हजार माणसे मेली असा अंदाज आहे. अंदाजच, कारण जे रुग्णालयात मेले त्यांची नोंद झाली, जे झोपडीत आणि वाटेवर मेले त्यांची कोण करणार?

1904 मध्ये अमेरिकेने काम हाती घेतले आणि गॉर्गसला पाठवले. पण वरच्या मंडळींना डास-बिस हे थोतांड वाटत होते. त्याच्या मागण्या महिनोन् महिने अडकल्या. 1905 च्या उन्हाळ्यात पीतज्वर अमेरिकन कारकुनांमध्ये आणि इंजिनियरांमध्ये पसरला. एकच पळापळ उडाली, बोटी भरभरून लोक परत गेले. मुख्य इंजिनियर वॉलेस यांनी जूनमध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या जॉन स्टीव्हन्स यांनी खणणे थांबवून आधी गॉर्गसला लागेल ते सारे द्या म्हटले. मग हजारो माणसांच्या टोळ्या घराघरात शिरल्या. फटींना कागद चिकटवून आत गंधक जाळले, गटारे काढली, पनामा आणि कोलोन शहरांत नळाचे पाणी आणले, म्हणजे पिंपांची गरजच उरली नाही. नोव्हेंबर 1905 नंतर पनामा शहरात पीतज्वराने कोणी मेले नाही.

शाळेच्या पुस्तकांतली गोष्ट इथे संपते. आम्ही थोडे पुढे जातो. त्या कामावर पगाराच्या दोन याद्या होत्या. एक ‘सोन्याची’, गोऱ्या अमेरिकनांची. दुसरी ‘चांदीची’, बार्बाडोस आणि इतर बेटांवरच्या काळ्या मजुरांची आणि बाकीच्यांची. दुकाने वेगळी, टपाल कचेरीत खिडक्या वेगळ्या. सोन्याच्या यादीवरच्यांना जाळी लावलेली घरे. चांदीच्या यादीवरचे रेल्वेच्या डब्यांत, बराकींत, नाहीतर रानात स्वतः उभारलेल्या खोपट्यांत. पीतज्वर नव्याने आलेल्या गोऱ्यांना जास्त मारत होता, तो आधी हटला. बेटांवरून आलेल्या मजुरांना मारणारे न्यूमोनिया, हिवताप आणि सुरुंगाचे स्फोट मात्र पुढे चालूच राहिले. 1904 ते 1914 या काळात अधिकृत नोंदीप्रमाणे 5,609 माणसे रोगाने आणि अपघाताने मेली. त्यातली सुमारे साडेचार हजार काळी होती. गॉर्गसचे काम थोरच. पण कोणता रोग आधी हटवायचा हे कोणाच्या मरण्याने काम थांबते यावर ठरले, हेही तितकेच खरे.

लस तयार व्हायला आणखी तेवीस वर्षे गेली. 1927 मध्ये आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, असिबी नावाच्या एका आफ्रिकन रोग्याच्या रक्तातून विषाणू वेगळा करता आला. आफ्रिकेतली माकडे या विषाणूला दाद देत नव्हती. हिंदुस्थानी ऱ्हीसस माकडांना टोचल्यावर मात्र ती आजारी पडली, आणि संशोधनाची वाट मोकळी झाली. हे काम करणारे एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वराने मेले. पुढच्या वर्षी हिदेयो नोगुची हे जपानी शास्त्रज्ञ आणि त्यांच्यामागोमाग विल्यम यंग हे अक्रा येथे मेले. असिबीच्या रक्तातला तोच विषाणू न्यूयॉर्कमध्ये दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या मॅक्स थायलर यांनी कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला. 1937 मध्ये लस सिद्ध झाली. 17 डी तिचे नाव. थायलर यांना 1951 चे नोबेल मिळाले. आज जगात कोठेही पीतज्वराची लस टोचली जाते ती याच वाणाची. असिबी आजारातून वाचला होता. त्याला काय मिळाले, असे आमच्यातल्या एकाने विचारले. कोणाला उत्तर देता आले नाही.

लस असताना रोग का उरला? कारण तो जंगलात आहे. दक्षिण अमेरिकेच्या आणि आफ्रिकेच्या जंगलांत झाडांच्या शेंड्यांवर माकडे आणि डास यांच्यात विषाणू फिरत राहतो. लाकूडतोड्या झाड पाडतो तेव्हा शेंड्यावरचे डास त्याच्यासकट खाली येतात. म्हणून जंगलातला पीतज्वर हा लाकूडतोडे, रस्ते खणणारे, खाणीवाले, नवी शेतजमीन मोकळी करणारे यांचा धंदेवाईक रोगच म्हटला पाहिजे. ब्राझीलमध्ये हुप्प्या करणारी माकडे आहेत, ती या रोगाने पटापट मरतात. रान अचानक गप्प झाले की जुनी माणसे सावध होतात. 2016 ते 2018 या काळात तिथे साओ पावलो आणि रिओच्या परिसरापर्यंत साथ आली. दोन हजारांहून अधिक माणसांना रोग झाला आणि सातशेंवर दगावली. कोलंबियाने 2025 मध्ये याच रोगासाठी आरोग्य आणीबाणी जाहीर केली. आफ्रिकेत तर 2013 या एका वर्षात एकोणतीस हजार ते साठ हजार मृत्यू झाले असावेत असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आणि आता ज्यासाठी हा सारा पसारा मांडला ती अंगोलाची साथ. डिसेंबर 2015 मध्ये राजधानी लुआंडात ती सुरू झाली. शेजारच्या काँगोपर्यंत गेली. दोन्ही देशांत मिळून सुमारे चारशे माणसे मेली. लसीचा जागतिक साठा आटला, कारण ही लस करणारे कारखाने जगात मोजकेच आहेत, ब्राझील, सेनेगल, फ्रान्स, रशिया अशा ठिकाणी. ऑगस्ट 2016 मध्ये किन्शासा शहरात एका मात्रेचे पाच भाग करून माणसांना टोचावे लागले. एक पंचमांश मात्राही संरक्षण देते असे दिसले, हे नशीब.

त्या वेळी अंगोलात बांधकामावर चिनी कामगार मोठ्या संख्येने होते. त्यातले अकरा जण 2016 च्या वसंतात पीतज्वर घेऊन चीनमध्ये परतले. त्यांनी वेळेत लस टोचून घेतली असती तर हे बहुधा घडले नसते. आशिया खंडात पीतज्वराचे निश्चित रोगी आढळण्याची ती पहिलीच वेळ. सुदैवाने उत्तरेकडे थंडी सरली नव्हती आणि तिथे पुढे लागण झाली नाही. तेच कामगार जूनमध्ये आपल्याकडच्या एखाद्या बंदरावर उतरले असते तर?

डास आपल्याकडे आहे. माणसे आहेत, त्यांना लस टोचलेली नाही. तरी हा रोग आशियात आजवर रुजला नाही. डेंगीमुळे आलेली थोडी प्रतिकारशक्ती, इथल्या डासांच्या वाणातला फरक, जुन्या काळी लांबलेला जलमार्ग, अशी वेगवेगळी कारणे शास्त्रज्ञ देतात. त्यांच्यात एकमत नाही. पनामा कालवा उघडणार म्हणताच हिंदुस्थान सरकारला ही धास्ती वाटली आणि मेजर एस. पी. जेम्स यांना परदेशी पाठवून त्यांचा अहवाल घेतला. तो 1913 मध्ये छापला गेला. तेव्हापासून आपला देश या एका रोगाबाबत जगातल्या सर्वांत कडक देशांपैकी आहे. हा कडकपणा योग्य आहे असे आमचे मत आहे. विलगीकरणाविरुद्ध आमची तक्रार नाही. त्या सहा दिवसांचा पगार कापण्याविरुद्ध आहे.

बंदर आणि विमानतळ यांच्याभोवतीचा चारशे मीटरचा पट्टा डासमुक्त ठेवायचा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो ठेवतात कोण? पाठीवर पंप घेऊन फिरणारे, टाक्यांत वाकून अळ्या शोधणारे कामगार. त्यांतले बरेच कंत्राटावर. सगळ्या देशाच्या उंबरठ्यावर ज्यांना उभे केले आहे त्यांना हातमोजे आणि कायम हुद्दा मागताना वर्षे लागतात. पण तो विषय वेगळ्या बैठकीचा.

आता कार्डाविषयी कामाचे बोलतो. ही लस फक्त सरकारने अधिकृत ठरवलेल्या केंद्रांतच मिळते. बंदर आरोग्य अधिकाऱ्याकडे यादी असते. पासपोर्ट घेऊन स्वतः जावे लागते. एकच टोचणी. ती टोचल्यापासून दहा दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणून विमान परवा आणि लस आज असे चालत नाही. एजंटाने घाई केली तर हे त्याला सांगा. 11 जुलै 2016 पासून हा दाखला जन्मभर चालतो, जुन्या कार्डावर दहा वर्षे लिहिले असले तरी. तेव्हा दर दहा वर्षांनी पुन्हा पैसे मागणाऱ्यांना भुलू नका. कार्डावर लसीचा बॅच क्रमांक, केंद्राचा शिक्का आणि डॉक्टरची सही असली पाहिजे, आणि मुख्य म्हणजे दंडाला सुई लागलेली असली पाहिजे. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा औषध चालू असेल, वय साठीच्या पुढे असेल, तर ते डॉक्टरला आधी सांगा. क्वचित या लसीचाही गंभीर त्रास होतो, आणि तो अशांना जास्त संभवतो. वैद्यकीय कारणाने लस देता येत नसेल तर तसे लेखी पत्र मिळते.

तिकडून आल्यावर आठवड्याच्या आत ताप आला तर डॉक्टरला पहिल्या वाक्यातच सांगायचे की मी अमुक देशातून आलो. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घ्यायच्या नाहीत, त्यांनी रक्तस्राव वाढतो. आणि मच्छरदाणीत झोपायचे, दिवसाही. ती शेजाऱ्यांसाठी.

राहिला पैशांचा प्रश्न. जहाज कामगारांच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने 2015 मध्ये मान्यता दिली आहे. भरतीसाठी खलाशाने स्वतः सोसायचे खर्च त्यात मोजून सांगितले आहेत. सरकारी वैद्यकीय दाखला, सीडीसी आणि पासपोर्टसारखी प्रवासाची कागदपत्रे. व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाचा. पीतज्वराची लस खलाशाच्या यादीत नाही. तेव्हा ती खात्यातून कापणे आम्हाला मान्य नाही. बांधकामावर जाणाऱ्यांसाठी असा करार नाही. त्यांच्या नेमणूकपत्रात ही बाब लिहून घ्यावी लागेल, आणि सहा दिवसांच्या पगाराचीही.

ज्या सभासदाची गोष्ट सुरुवातीला सांगितली, त्याने नंतर केंद्रात जाऊन लस टोचून घेतली आणि एजंटाविरुद्ध लेखी तक्रार दिली आहे. तक्रारीवर एका माणसाची सही आहे. ज्यांच्या कार्डामागेही अशीच गोष्ट असेल त्यांनी संकोच करू नये. जेवणाच्या सुट्टीत दाराजवळच्या टेबलावर आमचे दोघे सहकारी बसतील. कार्ड, पगाराची पावती आणि कपातीचा कागद बरोबर असेल तर दाखवा. नसेल तर गावी फोन करून मागवून घ्या, वर्ग उद्या दुपारपर्यंत आहे.